विकणारा कोण? : खडकीतले घर, नादारी आणि आपली मराठी समजूत

दिवाळी आणि दिवाळे या दोन्ही शब्दांत दिवा दिसतो, आणि ही केवळ कोटी नसावी. रॉबर्ट ड्रमंड याने १८०८ साली मुंबईत छापलेल्या गुजराती-मराठी-इंग्रजी शब्दविवेचनाच्या पुस्तकात एक रीत नोंदवली आहे. व्यापार बुडाला की व्यापारी आपल्या घरात किंवा पेढीवर दिवा लावून ठेवी आणि स्वतः तिथून निघून जाई. हिशेब उघडा होऊन घेणेकऱ्यांचे समाधान होईपर्यंत तो परतत नसे. पुढे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने ही नोंद घेतली आणि व्युत्पत्ती वादग्रस्त असल्याचेही सांगून ठेवले. व्युत्पत्ती बाजूला ठेवली तरी रीत लक्षात घेण्याजोगी आहे. माणूस आड जातो आणि त्याची मालमत्ता उजेडात येते. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत इंग्रजी कायद्याने याहून फारसे वेगळे काही केले नाही.

या लेखात मला एका कायद्याची आणि त्याच्याभोवतीच्या मराठी समजुतीची समीक्षा करायची आहे. प्रश्न साधा आहे. कर्ज फेडता येत नाही म्हणून नादारीत गेलेल्या माणसाला आपले राहते घर विकता येते का? मी खडकीत राहतो. वर्तमानपत्रांतल्या घरांच्या जाहीर नोटिसा कापून वहीत चिकटवण्याची सवय मला बरीच वर्षे आहे. वकिलीची सनद माझ्याकडे नाही. कायद्याचे शिक्षण जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून घेतलेल्या कलमांच्या पुस्तकांवर झाले. त्यामुळे मी कायदा वाचतो तो एखादा ग्रंथ वाचावा तसा : कोणाविषयी लिहिले आहे, कोणाला वगळले आहे, कर्ता कोण आणि कर्म कोण, हे पाहत.

तसे वाचले की उत्तर व्याकरणात सापडते. नादारीत घर विकले जाते, पण विकणारा बदलतो. हा बदल आपल्या भाषेने आणि साहित्याने पुरेसा पाहिलेलाच नाही, आणि त्याची किंमत घर गमावणारा व घर घेणारा असे दोघेही मोजतात.

दोन शब्द, तीन साचे

मराठीत या अवस्थेला दोन शब्द आहेत. ‘दिवाळखोर’ हा बाजारातला. त्यातला ‘खोर’ हा प्रत्यय भांडखोर, चुगलखोर, हरामखोर यांच्या पंगतीत बसणारा आहे. तो अवस्था सांगत नाही, खोड सांगतो. दिवाळे निघालेला माणूस दिवाळे काढण्याची सवय असलेला माणूस ठरतो. दुसरा शब्द ‘नादार’, फारसीतून आलेला. अर्थ एवढाच, की ज्याच्याजवळ नाही तो. माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या वाचकांना तो शाळेतून आठवेल. ज्या मुलाची फी माफ असे त्याला ‘नादारी’ मिळाली असे म्हणत. नादारी ही मागून घ्यायची सवलत होती. अर्ज करायचा, घरची परिस्थिती लिहून द्यायची, आणि शाळेत बसण्याचा हक्क टिकवायचा. कायद्यातली नादारीही नेमकी अशीच आहे. पण घराच्या बाबतीत आपण ‘नादार’ म्हणत नाही, ‘दिवाळखोर’ म्हणतो, आणि अर्ज करू शकणारा माणूस त्या एका शब्दाच्या भीतीने कोर्टाची पायरी चढत नाही.

शब्दांमागे साचे असतात. कर्जात बुडालेल्या माणसाचे तीन साचे आपल्या मनात घट्ट आहेत.

पहिला लुबाडल्या गेलेल्याचा. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) आणि बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) ही त्याची मोठी उदाहरणे. या साच्याने फार मोठे काम केले. सावकाराचा कागद खोटा असू शकतो, हे आपण त्यातून शिकलो. पण त्यात दोष नेहमी समोरच्याचा असतो. धंद्यात अंदाज चुकला, आजारपणात पैसा गेला, मित्राला जामीन राहिलो, अशा कुणीही न लुबाडता बुडालेल्या माणसाला या साच्यात जागा नाही.

दुसरा साचा लबाडाचा : बायकोच्या नावावर बंगला करून हात वर करणारा. असे लोक असतात, आणि कायद्यात त्यांच्यासाठी कलमेही आहेत. पण बोलाचालीत प्रत्येक नादाराकडे याच नजरेने पाहिले जाते.

तिसरा साचा विरक्ताचा, आणि तो आपला सर्वांत आवडता. खडकीपासून फार दूर नसलेल्या देहूत तुकोबांचे घराणे सावकारी-दुकानदारीचे होते. दुष्काळ पडला, व्यवहार बसला, घरात मृत्यू झाले. परंपरा सांगते, की त्यांनी भावाच्या वाट्याची खते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. इथे दिवाळे हे वैराग्याचे दार झाले. पण खडकी बाजारातल्या दुकानदाराला वैराग्य नको असते. त्याला मुलीचे कॉलेज चालू ठेवायचे असते आणि पुढच्या वर्षी पुन्हा दुकान लावायचे असते.

या कथांत एक धागा समान आहे. कर्ज संपते ते कागद नाहीसा झाल्यावर. तुकोबांनी खते पाण्यात सोडली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे दंगा सुरू झाला आणि पुढे पुणे-नगर भागात पसरला, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या दस्तऐवजांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. त्यानंतर १८७९ साली आलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले, स्पष्टपणे गहाण न दिलेली स्थावर मालमत्ता जप्तीपासून वाचवली आणि शेतकऱ्यासाठी नादारीचे वेगळे प्रकरण घातले. कर्जातून सुटण्याची वाट कागद जाळण्यात नसून कोर्टाकडून दुसरा एक कागद मिळवण्यात आहे, ही कल्पना पुणे जिल्ह्यात तेव्हापासून आहे. दंग्याची आठवण राहिली. त्या प्रकरणाची राहिली नाही.

कायद्याचे वाक्य

मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा-शहरांसाठी १९०९ चा नादारी कायदा होता. पुण्यासारख्या मुफस्सल भागाला लागू झाला तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. तो रद्द करणारे कलम २०१६ च्या संहितेत लिहिलेले आहे, पण ते अजून अमलात आणलेले नाही. म्हणून खडकीतला सामान्य माणूस आजही या शंभर वर्षांपलीकडच्या कायद्याखाली शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाकडे जातो. कर्ज निदान ५०० रुपयांचे असावे ही अट अजून तशीच छापलेली आहे. १९२० साली तिने किरकोळ उसनवारी दाराबाहेर ठेवली असेल; आज ती कुणालाच ठेवत नाही.

या कायद्याचे मध्यवर्ती वाक्य कलम २८ मध्ये आहे. नादारीचा हुकूम झाला की नादाराची सगळी मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे निहित होते. ‘निहित होते’ या क्रियापदात नादार कर्ता म्हणून उरत नाही. तो खरेदीखतावर सही करू शकत नाही, कारण विकण्यासारखे त्याच्याकडे कायद्याने काही राहिलेले नाही. घर रिसीव्हर विकतो. हुकुमानंतर आणि सुटकेपूर्वी नवीन मालमत्ता मिळाली, वारशाने वाटा आला, तर तीही त्याच ओघात जाते.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. खरी मेख त्याच कलमाच्या सातव्या पोटकलमात आहे. नादारीचा हुकूम केव्हाही होवो, त्याचा अंमल अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून धरला जातो. समजा, एका घेणेकऱ्याने जूनमध्ये अर्ज केला आणि हुकूम पुढल्या मार्चमध्ये झाला. मधल्या नऊ महिन्यांत मालकाने घर विकले. विकताना तो मालकच होता. मार्चनंतर मागे वळून पाहिले तर तो जूनपासूनच मालक नव्हता. व्यवहार झाला त्या दिवशी खरा असलेला कर्ता नंतर वाक्यातून पुसला जातो.

घेणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी कलम ५५ आहे. व्यवहार हुकुमापूर्वी झाला, खरा मोबदला दिला आणि अर्ज दाखल असल्याची खबर त्याला नव्हती, तर तो वाचतो. याशिवाय कलम ५३ दोन वर्षे मागे पाहते : अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत बक्षीसपत्राने किंवा नाममात्र किमतीत घर नातलगाला दिले असेल, तर रिसीव्हर ते रद्द करून मागू शकतो, चांगल्या बुद्धीने, योग्य किंमत देऊन घेणाऱ्याला त्यातून सूट आहे. आणि सर्व घेणेकऱ्यांना सोडून एकाच मर्जीतल्या घेणेकऱ्याचे पैसे भागवले असतील, तर कलम ५४ तीन महिने मागे जाते.

कागदावर हे तोललेले आहे. पण पुण्यातला घर घेणारा खबर काढतो ती कशी, हे पाहावे. तो वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घेतो. सर्च म्हणजे दुय्यम निबंधकाकडचा इंडेक्स टू. त्यात नोंदलेले दस्त दिसतात. शिवाजीनगरला पडलेला नादारीचा अर्ज हा नोंदलेला दस्त नव्हे. मग जाहीर नोटीस देतात : अमुक मिळकत आमचे अशील घेत आहेत, कुणाचा हक्क असल्यास इतक्या दिवसांत कळवावे. माझ्या वहीत अशा नोटिसा पुष्कळ आहेत. त्यांची भाषा एकसारखी असते : बोजा, गहाण, दान, वारसा, पोटगी, लीज, दावा, जप्ती. ही यादी वर्षानुवर्षे एका नोटिशीतून दुसरीत उतरवली जाते. मी कापून ठेवलेल्या नोटिसांत ‘विकणार नादार नाही व त्याच्याविरुद्ध नादारीचा अर्ज प्रलंबित नाही’ असे वाक्य मला क्वचितच सापडले. नादारीच्या हुकुमाची प्रसिद्धी राजपत्रात होते, आणि घर घेणारे कुटुंब राजपत्र वाचत नाही. कायदा खबरीवर उभा आहे आणि खबर पोचण्याची वाटच कुणी बांधलेली नाही.

आता विकणाऱ्याच्या बाजूने. त्याच्याकडे अर्जापूर्वी एक मोकळा मार्ग असतो : योग्य किमतीला, उघडपणे घर विकणे आणि आलेला पैसा सर्व घेणेकऱ्यांत रीतसर वाटणे. अर्जानंतरही एक मार्ग आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. कलम ३८ खाली नादार तडजोडीचा प्रस्ताव मांडू शकतो. कर्ज सिद्ध केलेल्या घेणेकऱ्यांतले संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश लोक राजी झाले आणि न्यायालयाने मान्य केले, तर नादारीचा हुकूम मागे घेतला जातो. ‘रिसीव्हरच्या लिलावात घर कमी किमतीला जाईल, मला सहा महिने द्या, मी गिऱ्हाईक आणतो’ हे म्हणण्याची जागा ती आहे. आणि रिसीव्हरने विकल्यावर सगळे कर्ज व्याजखर्चासह फिटून काही उरले, तर ती शिल्लक नादाराची असते.

शेवटी सुटका. न्यायालय मुक्ततेचा हुकूम देते तेव्हा सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पोटगी सोडून बाकीची कर्जे संपतात. मालमत्तेतून बिनतारण कर्जाच्या रुपयात आठ आणेही वसूल झाले नसतील तर बिनशर्त मुक्ततेत अडचण येते; पण तसे होण्यात नादाराचा दोष नव्हता हे पटले तर न्यायालय तेही पाहते. आठ आण्यांचा हिशेब करणारा हा कायदा म्हातारा आहे, पण निर्दय नाही. तो माणसाकडून घर घेतो आणि त्याला भविष्य परत देतो. आपली भाषा त्याचा पहिला अर्धा भागच सांगते.

खडकीत विकायला असते काय

रिसीव्हरला मिळते तेवढेच जेवढे नादाराचे होते. खडकीत हे ‘तेवढे’ मोजणे सोपे नाही. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर इथे इंग्रजांची छावणी बसली आणि गाव छावणीभोवती वाढले. छावणीतल्या अनेक मिळकती ‘ओल्ड ग्रँट’ पद्धतीच्या आहेत. जमीन सरकारची, धारकाचे ते फक्त वरचे बांधकाम आणि भोगवटा. नोटीस देऊन, बांधकामाची किंमत मोजून सरकार ती परत घेऊ शकते. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सागर छावणीतल्या एका बंगल्याच्या खटल्यात जमिनीची मालकी सरकारचीच धरली आणि छावणीच्या जनरल लँड रजिस्टरला पुरावा म्हणून वजन दिले.

नादारीच्या संदर्भात याचा अर्थ काय? तीन पिढ्या ज्या घराला ‘आमचा बंगला’ म्हणत आल्या, त्याचा हिशेब रिसीव्हरच्या टेबलावर विटा, लाकूड आणि कौले एवढाच होऊ शकतो. धारकाला जे परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नव्हते, ते रिसीव्हरही बेधडक करू शकत नाही. कर्ज देणाऱ्याने घराकडे पाहून पैसे दिलेले असतात आणि वसुलीच्या दिवशी त्याला कळते की घराखालची जमीन ऋणकोची कधी नव्हतीच. छावण्यांचे नागरी भाग महापालिकांत विलीन करण्याची चर्चा गेली काही वर्षे चालू आहे. ज्यांची घरे कर्जात आहेत त्यांच्यासाठी ती चर्चा वॉर्ड आणि पाणीपट्टीपुरती नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. जे दिवाणी जप्तीतून मुक्त ते नादारीतूनही मुक्त, असे १९२० चा कायदा म्हणतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतकरी, मजूर आणि घरगुती नोकर यांचे राहते घर जप्तीतून वाचवते. ही यादी एका जुन्या समाजाचे चित्र आहे. खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. तिथल्या हाताने काम करणाऱ्या कामगाराला ‘मजूर’ म्हणून या संरक्षणाचा दावा करता येईल. त्याच आळीतल्या शिंप्याला, रिक्षा भाड्याने देणाऱ्याला, शिकवणी घेणाऱ्या बाईंना तो करणे अवघड. तिघांचीही मिळकत त्या कामगाराहून कमी असू शकते. कायदा गरिबी मोजत नाही, पेशा पाहतो.

आणि हे संरक्षणही गहाणापुढे टिकत नाही. ज्या घरावर बँकेचे कर्ज आहे त्याचा तारणधारक नादारीच्या बाहेर उभा असतो. रिसीव्हर असो वा नसो, त्याचा वसुलीचा हक्क शाबूत असतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने तर बँकेला साठ दिवसांची नोटीस देऊन दिवाणी दाव्याशिवाय घर ताब्यात घेण्याची व विकण्याची मुभा दिली. मुंबई-पुणे रस्त्याकडेच्या नव्या इमारतींतल्या कर्जाच्या फ्लॅटबाबत ‘विकणारा कोण’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘बँकेचा प्राधिकृत अधिकारी’ असे निघते. पती-पत्नीच्या नावावर घर असेल तर रिसीव्हरकडे जातो तो नादाराचाच हिस्सा. पण कर्जाच्या कागदांवर बहुधा दोघांच्याही सह्या असतात, आणि बँकेपुढे तो भेद उरत नाही.

नवी संहिता कुणासाठी

२०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता या सगळ्याला उत्तर देईल असे वाटले होते. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी बरेच विचारपूर्वक लिहिलेले आहे. दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून सर्वसाधारणपणे वर्षभरात मुक्तता. अर्ज आणि हुकूम यांच्या दरम्यानची विक्री निरर्थक, पण चांगल्या बुद्धीने, मोबदला देऊन, खबर नसताना घेणाऱ्याला संरक्षण. आणि सर्वांत महत्त्वाचे, बोजा नसलेले एक राहते घर ठरावीक किमतीपर्यंत वगळण्याची तरतूद, जिच्यात पेशाची अट नाही.

पण हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ही निवड वैध ठरवली. ती वैध आहे. तिच्यावर टीका करायला त्याने अडचण येत नाही. कंपनीच्या कोट्यवधींच्या कर्जाला हमी देणाऱ्या संचालकासाठी नियमांनी शहरात २० लाख आणि ग्रामीण भागात १० लाख रुपयांपर्यंतचे घर वाचवले. पुण्यात २० लाखांत काय येते ते वाचकांना सांगायला नको, आणि अशा हमीदाराचे घर बोजाविना असण्याची शक्यताही थोडी. म्हणजे ज्याला ही सवलत मिळाली त्याला तिचा उपयोग नाही, आणि खडकी बाजारातल्या ज्या माणसाच्या वडिलोपार्जित दोन खोल्यांना ती उपयोगी पडली असती, त्याच्यापर्यंत ती आलेली नाही. अगदी गरिबांसाठी लिहिलेली ‘नव्या सुरुवाती’ची प्रक्रियाही अजून कागदावरच आहे, आणि तिची अट अशी, की अर्जदाराच्या नावावर कसलेच घर नसावे, कर्जातलेसुद्धा.

उरलेला साचा

माझ्या दोन मागण्या आहेत. एक कायद्याकडे, एक साहित्याकडे. संहितेचा तिसरा भाग सर्वांना लागू करावा, घराची मर्यादा शहराप्रमाणे ठरवावी, आणि तोपर्यंत निदान नादारीच्या अर्जाची नोंद इंडेक्स टू पाहणाऱ्याला दिसेल अशी सोय राज्याने करावी. वकिलांनी आपल्या नोटिशीच्या जुन्या यादीत एक वाक्य वाढवावे. याला फारसा खर्च नाही.

साहित्याकडे मागणी एका माणसाची आहे. तो लुबाडला गेलेला नाही, लबाड नाही आणि संतही होणार नाही. त्याने हिशेबाच्या वह्या न लपवता कोर्टात दिल्या. त्याचे घर त्याच्या सहीविना विकले गेले. तो बोपोडीत भाड्याने राहतो, आणि त्याच्या कपाटात मुक्ततेच्या हुकुमाची नक्कल आहे. त्याची गोष्ट मराठीत कुणी लिहिली असेल तर ती मला वाचायची आहे. ती वाचलेली माणसे शेजाऱ्याला दिवाळखोर म्हणण्याआधी थांबतील, आणि स्वतःवर वेळ आली तर घर गुपचूप मेव्हण्याच्या नावावर करण्याआधी शिवाजीनगरला जाऊन अर्जाची चौकशी करतील.